पुलानंतर चाळीस जोड

तिच्या हातात दिवसभर कात्री असायची, फक्त ती कुणाला दिसायची नाही. शाळेच्या पुस्तकांतले धडे वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत ती आवाज साफ करायचं काम करी. वाचणारा मध्येच खोकला, की खोकला काप. खुर्ची कुरकुरली, की कुरकुर काप. वाक्याआधी कुणी भसकन श्वास घेतला, की तोही काप. अकरा वर्षांत तिने इतके श्वास कापले होते, की ते एकत्र केले असते तर एखादा फुगा सहज आकाशात गेला असता. सासरे तिला लाडाने 'कात्री' म्हणत आणि शेजाऱ्यांना बजावून ठेवत, "आमची सून लोकांचे श्वास कापते. जपून बोला."

सासरे छत्तीस वर्षं आगगाडीचे ड्रायव्हर. त्यांतली वीस एका लहान फाट्याच्या मार्गावर, एकाच जातीच्या जुन्या डिझेल इंजिनावर. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. त्यांनी त्याचाही फार बोभाटा केला नाही. काठी घेतली, घरातली पावलं मोजली, स्वयंपाकघरातले डबे एका ओळीत लावून घेतले आणि सून कामावर निघायची तेव्हा तिचा जेवणाचा डबा पूर्वीसारखाच हातात ठेवायला लागले. आठ वाजून चौदा मिनिटांनी. सव्वाआठला नाही.

या डब्याची गोष्ट सांगायलाच हवी. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. तिला आवाजाचं काम शिकायचं होतं, दोन वर्षं, सकाळी जा आणि संध्याकाळी ये. नातेवाइकांनी नाकं मुरडली. घर कोण बघणार, म्हणाले. सासरे नुकतेच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "मी बघतो. एवढं धूड चालवलं, शेगडी काय चीज आहे!" शेगडीने त्यांना महिनाभर पाणी पाजलं. सगळ्यांनी करपलेलं खाल्लं, अळणी खाल्लं, एकदा तर दोनदा मीठ पडलेलं खाल्लं. पण ती शिकली, नोकरीला लागली, आणि सासऱ्यांच्या हातालाही चव आली. या उपकारांची परतफेड करावी असं तिच्या मनात कधी आलं नाही. काही उपकारांखाली राहायलाच बरं वाटतं.

म्हणून नजर गेल्यावर ते दुपारभर खिडकीशी नुसते बसून राहतात, हे तिला बघवेना. त्याच सुमारास नवऱ्याला कुठून तरी कळलं, की संगणकावर आगगाडी चालवायचा एक खेळ आहे आणि कुणा हौशी माणसाने त्यात बाबांचा फाट्याचा मार्ग जसाच्या तसा बनवून टाकलाय. स्टेशनं, वळणं, लोखंडी पूल, सगळं. नवऱ्याने खेळ आणला, लावून दिला आणि तो गोदामात कामावर निघून गेला. पुढचं सगळं सुनेवर आलं.

तिने ब्रेकच्या कळीवर शर्टाचं बटण चिकटवलं, वेग वाढवायच्या कळीवर काडेपेटीची काडी, आणि एक कळ अशी केली की दाबली की खेळ वेग बोलून दाखवी. सासऱ्यांना खुर्चीत बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

सासऱ्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"कात्री, हे इंजिन आहे की पिठाची गिरणी?"

"खेळातलं आहे बाबा. सगळ्या इंजिनांना एकच आवाज दिलाय त्यांनी."

"मग मला दिसत नाही तेच बरं," ते म्हणाले. "दिसलं असतं तर पीठ सांडताना दिसलं असतं."

तिला हसू आलं, पण गोष्ट मनाला लागली. खेळातले आवाज बदलता येतात हे तिने शोधून काढलं. प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल असते. जुनी काढायची, आपली ठेवायची. रेल्वेच्या जुन्या शेडमध्ये त्या जातीचं एक इंजिन अजून डबे इकडेतिकडे ढकलायला वापरत होते. तिथल्या फोरमनने सासऱ्यांचं नाव ऐकलं आणि स्वतः चावी घेऊन आला. तिने चार दिवस रजा टाकली, इंजिनाच्या पोटाशी, छतावर आणि ड्रायव्हर बसतो त्या कॅबमध्ये माइक बांधले. वेगाच्या आठही पायऱ्या वेगवेगळ्या मुद्रित केल्या. हॉर्न, ब्रेकची फुस्स, हवेचा पंप, दाराची कडी, ड्रायव्हरच्या खुर्चीची स्प्रिंग. चालत्या गाडीत बसून रुळांच्या जोडांवर चाकं आपटतात तो ठोकाही घेतला. घरी येऊन दोन आठवडे खपली आणि अभिमानाने सासऱ्यांना ऐकवलं.

"अगं, हे आंघोळ करून, पावडर लावून आलंय," सासरे म्हणाले. "लग्नाला निघालंय का?"

तिने सवयीने सगळं साफ करून टाकलं होतं. मधूनच येणारी खडखड, पंपाचं गुरगुरणं, तिसऱ्या पायरीवरचं अडखळणं. तिच्या लेखी तो कचरा होता. सासऱ्यांनी शेजारी बसून एकेक गोष्ट परत मागवली. "इथे इंजिन खाकरतं. ते खाकरल्याशिवाय मी चौथ्या पायरीवर जात नसे." तिने जन्मात पहिल्यांदा कापलेले आवाज उचलून परत जागच्या जागी लावले. महिना गेला. शेवटी एका रविवारी सकाळी सासऱ्यांनी इंजिन ऐकलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हेच," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आता तुझ्या आवाजात मी चूक काढणार नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला. पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

पहिल्या स्टेशनाआधी तो लोखंडी पूल होता. सासऱ्यांची पद्धत अशी, की तीसच्या वेगाने पूल ओलांडायचा, पुलाचा पोकळ आवाज थांबला की रुळांचे जोड मोजायचे. चाळीस जोड झाले की ब्रेक. गाडी फलाटाच्या खुणेशी अलगद उभी राहते. धुक्यात, काळोखात, धुळीत, ते असंच थांबत आले होते. डोळे त्या कामाला त्यांनी कधी वापरलेच नव्हते, असं ते म्हणत.

पहिल्याच खेपेला गाडी फलाट सोडून पुढे गेली. खेळ पडद्यावर आकडा दाखवतो, तो तिने वाचला, "खुणेपासून दोनशे एक मीटर पुढे."

"हात बसला नाही अजून," सासरे म्हणाले.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच. चौथ्यांदा तिला आकडा मोठ्याने वाचवेना. "वीस मीटर," ती म्हणाली.

"कात्री, फलाटाशी गाडीचा आवाज घुमतो, तो घुमारा तूच घातलायस ना? तो संपून किती वेळ झाला ते मला ऐकू येतं. खोटं बोलू नकोस."

तिने पुन्हा कधी खोटा आकडा सांगितला नाही. तीन आठवड्यांत ते सतरा वेळा त्या स्टेशनात शिरले आणि सतरा वेळा फलाट ओलांडून पुढे गेले. अठराव्या वेळी ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"रुळांचे ठोके मला संथ ऐकू येतात," त्यांनी तिला सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. "वेग तीसचा असतो आणि ठोके पडतात बावीसचे. ठोके बरोबर असणारच, ते तू केलेत. म्हणजे माझं डोकं मंदावलंय. डोळे गेले त्याचं मला फार वाटलं नाही बघ. मोजणं गेलं, त्याचं वाटतं."

त्या दिवसानंतर एकेक गोष्ट त्यांनी सोडून दिली. काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचे, ते थांबलं. शेगडीला हात लावेनात. "विसरलो तर घर पेटेल," म्हणाले. एका सकाळी ती निघाली तेव्हा हातात डबा नव्हता. आठ चौदा झाले, आठ वीस झाले, ते पलंगावर बसून होते. ती जिना उतरली आणि खालच्या पायरीवर बसून रडली.

नणंद दुसऱ्या गावी राहायची. बाबा दिवसभर घरात एकटे असतात या काळजीने ती गेली दोन वर्षं त्यांना आपल्याकडे बोलवत होती आणि बाबा तिला दोन वर्षं टोलवत होते. आता त्यांनी स्वतः फोन केला. "ये मला न्यायला. आता तुझ्याकडेच राहतो." नणंद आनंदली, मग घाबरली. बाबा इतक्या सहज हो म्हणतात म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिलाही कळलं. रविवारी अकरापर्यंत येते, म्हणाली.

नवरा म्हणाला, "त्यांची इच्छा आहे तर जाऊ दे. ताईकडे दिवसभर माणसं असतात." तो चुकीचं बोलत नव्हता, त्यामुळे तिला जास्तच राग आला.

रविवारी सकाळी नवरा गोदामात गेल्यावर तिने सासऱ्यांची बॅग भरली. मोठी बॅग. सगळे शर्ट, स्वेटर, औषधं, दाढीचं सामान. सासरे पलंगावर बसून हाताला येईल ते घडी घालून देत होते.

"त्या खेळात माझ्या खेपांची यादी असेल ना?" त्यांनी विचारलं. "तेवढी पुसून टाक. उगाच कुणाच्या नजरेला नको."

ती बाहेरच्या खोलीत आली, संगणक लावला, यादी उघडली. पुसायच्या आधी एकदा वाचली. दोनशे एक. एकशे नव्याण्णव. दोनशे. दोनशे तीन. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे दोन. सतरा आकडे एकाखाली एक.

तिचं बोट कळीवरच थांबलं.

अकरा वर्षं तिने माणसांच्या चुका ऐकल्या होत्या. माणसाची चूक दर वेळी निराळी असते. एकच वाचणारा एकाच शब्दावर दहा वेळा अडखळला तरी दहा तऱ्हांनी अडखळतो. तेच ते, तेवढंच, त्याच जागी येतं, ते यंत्राचं. पंख्याची घरघर, वायरीची गुणगुण. तिथे ती माणसाला बोल लावत नाही, उठून वायर तपासते. आणि इथे घरचा माणूस सतरा वेळा मोजून दोनशेने चुकत होता आणि तिने एकदाही वायर तपासली नव्हती!

ती तशीच आत गेली. "बाबा, दोन जोडांमध्ये अंतर किती असतं?"

"तेरा मीटर," ते म्हणाले. "आमच्या मार्गावर तेराचा रूळ. का?"

ती उत्तर न देता परत आली. तिने ठोक्याची फाइल उघडली. ठोका तिचाच होता, सुरेख, जड, शेवटी किंचित झणझणणारा. त्या एका ठोक्यावर तिने तीन दिवस घालवले होते. फाइलच्या खाली एक ओळ होती, किती अंतरावर ठोका वाजवायचा ते सांगणारी. तो आवाज नव्हता, नुसता आकडा होता, म्हणून तिने त्या ओळीकडे कधी पाहिलंच नव्हतं. खेळ बनवणाऱ्यांनी त्यांच्याकडच्या रुळांचा घातलेला आकडा तसाच राहिला होता. अठरा.

तिने पेन्सिल घेतली. चाळीस गुणिले तेरा, पाचशे वीस. चाळीस गुणिले अठरा, सातशे वीस. वजाबाकी करायची गरज उरली नाही. म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या डोक्यावर अविश्वास ठेवला, घर सोडायला निघाला, तो तिच्यावर विश्वास ठेवला म्हणून. ठोके संथ पडतात हे त्यांनी पहिल्या दिवसापासून बरोबर ऐकलं होतं.

दारात नणंदेचा आवाज आला. ती अर्धा तास आधीच पोचली होती. चपला काढत ती म्हणाली, "झाली का तयारी? बाबा कुठेत?"

"ताई, दोन मिनिटं बसा. मला आधी बाबांशी बोलायचंय," ती म्हणाली, आणि आत जाऊन सासऱ्यांच्या पायांशी जमिनीवर बसली.

"बाबा, चूक माझी आहे."

"कसली?"

तिने सगळं सांगितलं. तेरा, अठरा, न पाहिलेली ओळ. काही कापलं नाही. सांगताना तिचे दोन-तीन श्वास अडकले, तेही तसेच राहू दिले. नणंद दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होती. सासऱ्यांच्या हातात एक अर्धवट घडी घातलेला शर्ट होता. तो त्यांनी पलंगावर ठेवला.

"सतराच्या सतरा दोनशे?"

"एकशे अठ्ठ्याण्णव ते दोनशे तीन."

त्यांचे ओठ हलत होते. तिला वाटलं, रागावणार. तिला तेही चाललं असतं.

"एकोणतीस," ते म्हणाले.

"काय?"

"पाचशे वीसला अठराने भागलं तर एकोणतीसला थोडं कमी पडतं. एकोणतीस धरले तर गाडी दोन मीटर पुढे जाईल. फलाटावर तेवढं खपतं." ते काठी न घेताच उठले. "चल, लाव गाडी."

"थांबा, आधी मी आकडा बदलते. तेरा करते."

"हात लावू नकोस त्याला. तेरावर थांबलो तर म्हणशील सवयीने थांबलो. मला अठरावरच थांबायचंय."

ते खुर्चीत बसले. बोटांनी काडी चाचपली, बटण चाचपलं. नणंद मागे उभी राहिली. तिने बाबांना गाडी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. मुलांना कॅबमध्ये न्यायची परवानगी नसे. इंजिन खाकरलं, मग त्यांनी चौथी पायरी दिली. वळण गेलं. वेगाची कळ दाबली, खेळ म्हणाला तीस. पूल आला, खोली पोकळ आवाजाने भरली, खालच्या मजल्यावरच्यांनी नेहमीप्रमाणे छताला काहीतरी आपटलं, आणि पूल संपला.

सासऱ्यांचे ओठ हलायला लागले. सुनेचेही हलत होते. पंधरा. सोळा. नणंदेने तिचा हात धरला होता, तो कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

एकोणतिसाव्याला त्यांनी बटण दाबलं. ब्रेक फुसफुसले, फलाटाचा घुमारा सुरू झाला, चाकं कण्हली, आणि घुमाऱ्यातच गाडी थांबली.

"वाच," सासरे म्हणाले.

"तीन मीटर पुढे."

"दोन तुझ्या आकड्याचे," ते म्हणाले, "आणि एक माझा. तेवढा माझ्या नावावर राहू दे."

नणंद हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. सून पडद्याकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर तिचंही तेच झालं असतं.

"आता तुमचं काय ठरलं बाबा?" थोड्या वेळाने नणंदेने विचारलं. "येताय की नाही?"

"येतो की. शब्द दिलाय. पण पाहुणा म्हणून. आठ दिवस लाड करून घेतो आणि परत येतो." ते आत गेले, बॅगेत हात घालून एकेक कपडा चाचपत बाहेर काढू लागले. दोन शर्ट आत ठेवले, बाकी सगळे पलंगावर. औषधं ठेवली. दाढीचं सामान ठेवलं. स्वेटर काढला. मोठ्या बॅगेत एवढंच सामान इकडून तिकडे सरकायला लागलं, तेव्हा नणंदेने लहान पिशवी मागितली.

सून पिशवी घेऊन आली. ती भरताना तिने खालच्या आवाजात म्हटलं, "बाबा, मला माफ करा. तीन आठवडे तुम्हाला काय काय वाटलं असेल."

"बस इथे," ते म्हणाले. ती बसली.

"माझ्या नोकरीच्या वहीत एक शेरा आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कुणाला कधी सांगितलं नाही. तिसरं वर्ष होतं माझं. गाडी याच पुलानंतरच्या फलाटापुढे गेली. मी म्हटलं, ब्रेक उशिरा धरतोय, हवेची नळी तपासा. ते म्हणाले, तू उशिरा धरलास. पुढे आठवड्याभराने शेडमध्ये गुपचूप नळी बदलली. मला असिस्टंटने सांगितलं. पण कुणी येऊन म्हणालं नाही, की बाबा रे, तू बरोबर होतास. शेरा तसाच राहिला. चूक नळीची होती हे मला माहीत होतं, तरी पुढे कितीतरी वर्षं पुलानंतर माझा हात कापायचा."

त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला.

"तुला गुपचूप तेरा करता आलं असतं," ते म्हणाले. "मी थांबलो असतो खुणेवर, खूश झालो असतो, मला कळलंही नसतं. तू जमिनीवर बसून सांगितलंस. मला इतक्या वर्षांत असं सांगणारी तू पहिली. तुझे आभार कसे मानतात ते मला येत नाही, पण मानले आहेत असं समज."

तिला खूप बोलायचं होतं. करपलेल्या पहिल्या महिन्यापासून सगळं. पण तिने त्यांचा हात नुसता कपाळाला लावला, आणि त्यांनी तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

बाहेरून नणंदेने हाक मारली, "निघायचं ना?"

"आलो," सासरे म्हणाले आणि उठले. दारापर्यंतची पावलं त्यांनी मोठ्याने मोजली, एकही न चुकता, आणि वळून विचारलं, "बरोबर ना?"

"बरोबर, बाबा," ती म्हणाली.